पुकारा फिरत नाही

देवासची गंमत सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येणार नाही. तिथे गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला उभं राहून शिंकलं तर शिंक परक्या राज्यात जाते. कचेऱ्या दोन, तुरुंग दोन, टेकडीवरच्या देव्यासुद्धा दोन, थोरली आई आणि धाकटी आई. सख्ख्या बहिणी म्हणे, पण भांडून एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. अशा गावात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान भरायचं, एका पातीचा पैलवान दुसऱ्या पातीच्या पैलवानाशी लढायचा, आणि निकाल कोणी पुकारायचा यावरून कुस्तीच्या आधीच डोकी फुटायची. म्हणून पुकारा करणारा माणूस बाहेरचा, धारचा, मागवायचा असा रिवाज पडला. सात वर्षं तो माणूस मी होतो.

मी संताजी. आधी धार दरबारचा पैलवान होतो. गुडघा गेल्यावर दरबारनं मला मातीतून काढलं आणि पुकाऱ्याच्या माचावर चढवलं, कारण आवाज मोठा आणि डाव तोंडपाठ. पुकारा म्हणजे नुसती नावं घेणं नव्हे. मैदानाला पाच-सहा हजार माणूस जमतो. पुढच्या दहा रांगांना कुस्ती दिसते, मागच्यांना पुढच्यांच्या पगड्या दिसतात. गच्च्यांवर चिकाच्या पडद्याआड बायका बसतात, त्यांना नुसती धूळ. या सगळ्यांना कुस्ती माझ्या तोंडून दिसायची. ‘पटाला गेला! पट सुटला! मानेवर हात टाकला, आता पाय अडकवतो बघा!’ असं मी ओरडत राहायचो आणि मागचा एखादा म्हातारा माझ्या शब्दावर उड्या मारायचा. लोक म्हणायचे, आखाड्यातल्या कुस्तीपेक्षा संताजीच्या तोंडची कुस्ती सरस. ते ऐकून मला राग यायचा. चणे आहेत तर दात नाहीत, आणि वर लोकांनी चण्यांची तारीफ करायची.

निकालाचा पुकारा तीन वेळा होतो. पाठ मातीला लागली की पहिला, नुसता ‘चीत’, आणि ढोल वाजतो. दुसऱ्यात जिंकणाऱ्या-हरणाऱ्याची नावं. तिसऱ्यात जिंकलेल्या पातीचं नाव, मग निकालावर शिक्का. आणि एकदा तोंडातून चीत गेलं की पुकारा फिरत नाही. फार पूर्वी कोणा पुकाऱ्यानं शब्द फिरवला तेव्हा गावात दोन दिवस लाठ्या चालल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही पात्यांनी मिळून ठरवलं, पुकारा झाला म्हणजे कोणाची तरी पाठ लागलीच. देवी टेकडीवरून उतरून आली तरी त्यात बदल नाही.

हा नियम मला कोणी सांगायला नको होता. तो मी अंगावर घेतला होता.

माझ्या आधी धारचा माच तात्यांचा होता. तात्या म्हणजे माझे वस्ताद. बाराव्या वर्षी त्यांनी मला तालमीत घेतलं, चोळामोळा करून माझे कान फोडले, आणि बापानं केलं नसतं इतकं माझं केलं. चोविसाव्या वर्षी धारच्या किल्ल्याखाली ग्वाल्हेरच्या एका नामी पैलवानाशी माझी कुस्ती लागली. ती मारली असती तर अख्ख्या माळव्यात माझं नाव झालं असतं. त्यानं मला कलाजंगावर, म्हणजे खांद्यावर आडवा उचलून, घेतलं. मी हवेतच फिरलो. एक खांदा मातीला लागला, दुसरा वर होता. हातच्या काकणाला आरसा कशाला, माझी पाठ मला ठाऊक. मी उसळून उभा राहतोय तोवर माचावरून तात्यांचा आवाज आला, ‘चीऽऽत!’

झालं. पुकारा फिरत नाही. मी आखाड्यात धडधडीत उभा आणि ढोल सांगतोय की मी पडलो.

ग्वाल्हेरवाल्यांनी म्हाताऱ्याचे हात ओले केले, अशी कुजबुज गावात उठली आणि मी ती खरी मानली. तात्या एकदाच माझ्याकडे आले. “संता, जिभेला घाई झाली रे,” म्हणाले.

“जिभेला की हाताला?” मी विचारलं.

ते परत गेले. त्याला अकरा वर्षं झाली. त्या रागात मी जत्रा-बाजारांतून मिळेल त्याच्याशी लढत सुटलो आणि राजगडच्या बाजारात एका फालतू कुस्तीत गुडघा घालवून बसलो. पुढे तात्यांचा घसा बसला तो उठलाच नाही, आणि दरबारचा हुकूम आला की माचावर आता संताजीनं चढावं. ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही त्याचीच जागा, त्याचाच माच, त्याचाच शब्द. नाही म्हणून जाणार कुठे? राहायची खोली तालमीमागची, दरबारनं दिलेली. हातात दुसरा हुन्नर नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी चढलो. चढताना एकच शपथ घेतली, की पाठ लागलेली डोळ्यांनी पाहीन तेव्हाच तोंड उघडीन. माझ्या तोंडून दुसरा संताजी होणार नाही.

तात्या आमच्याच गल्लीत राहायचे. सकाळी तालमीत जाताना ते ओट्यावर बसलेले असायचे आणि मी मान दुसरीकडे करून जायचो. अकरा वर्षं रोज मान वळवायची म्हणजे त्यालाही मेहनत लागते. माझी बायको सीता सणावाराला त्यांच्याकडे ताट झाकून न्यायची. तिला वाटे मला माहीत नाही.

एकोणीसशे आठच्या दसऱ्याला मी छकड्यातून देवासला पोहोचलो. त्या वर्षीची शेवटची कुस्ती थोरल्या पातीचा गणोजी आणि धाकट्या पातीचा यशवंता यांची होती. गणोजी म्हणजे नुसता बुरूज, आठ वर्षं थोरल्या पातीच्या दुधातुपावर वाढलेला. यशवंता टोंकखुर्दचा, आमच्याच मराठी लोकांपैकी एका लोहाराच्या घरचा, बावीस वर्षांचा, वजनानं कमी पण मान अशी की तिच्यावर ऐरण ठेवावी. धाकट्या पातीनं त्याला एका वर्षाच्या बोलीवर ठेवला होता. चांगला लढला तर कायमचा बांधून घेणार होते. खोटा पडला तर परत भात्यापुढे.

मैदान भरण्याआधी तो माचापाशी आला आणि माझ्या पाया पडला.

“संताजीभिया, एकच मागतो,” तो म्हणाला. “पाठ लागली तर खुशाल पुकारा. नाही लागली तर भगवान के वास्ते गप ऱ्हावा. हरायचं भ्या नाही मला. पडल्याबिगर पडलो तर टोंकमधी तोंड कसं दाखवू?”

“कोणी सांगितलं तुला माझं?” मी विचारलं.

“सगळा माळवा सांगतो दादा. धारला तुमच्यासंगं काय झालं ते.”

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “मी तात्या नाही,” म्हणालो. केवढ्या तोऱ्यात म्हणालो! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माच बांबूंचा, पाच पायऱ्यांचा. दोन खांब थोरल्या हद्दीत, दोन धाकट्या हद्दीत. आखाड्याच्या मातीच्या टोपल्याही दोन्ही पात्यांनी मोजून अर्ध्या-अर्ध्या टाकलेल्या. थोरल्या पातीतर्फे कारभारी मोरोपंत डाव्या हाताला बसले होते, धाकट्या पातीतर्फे कारभारी भास्करराव उजव्या हाताला. दोघं मावसभाऊ, पण मैदानात एकमेकांना ओळख देत नसत.

कुस्ती लागली. पहिला पाव तास गणोजी नुसता रेटत होता आणि यशवंता त्याच्या हातातून निसटत होता. मी रंगात आलो होतो. ‘गणोजीनं मान दाबली! यशवंता खाली! निघाला, बगलेतून निघाला!’ धाकट्या बाजूचे पटके उडत होते. माझा आवाज त्या दिवशी असा लागला होता की गच्चीवरच्या बायका चिकामागून वाहवा करत होत्या. खोटं कशाला सांगू, त्या वेळी आपला गुडघा गेलाय हे मी विसरलो होतो. खाली लढत होते ते दोघे, पण प्रत्येक डाव माझ्या अंगात होत होता.

मग गणोजीनं ढाक मारली. काखेत हात घालून, कंबर आत घेऊन, असा साफ उचलला की तात्यांनी पाहिली असती तर शाबास म्हणाले असते. यशवंताचे पाय सुटले. ढाकेत पाय असे सुटले की माणूस पाठीवर जातो. जातोच. बाराव्या वर्षापासून मी हजार वेळा पाहिलंय, शंभर वेळा स्वतः गेलोय. त्याची पाठ मातीला लागताना मी पाहिली. देवीची आण घेऊन सांगतो, पाहिली.

“चीऽऽत!”

ढोल कडाडला. थोरली बाजू एकदम उठली. आणि आखाड्यात यशवंता मानेवर उभा होता. डोकं मातीत, टाचा मातीत, आणि पाठीखालून हात आरपार जाईल इतकी जागा. तो तसाच मानेवर फिरला, गुडघ्यावर आला, उठला. गणोजीनं त्याला पुन्हा धरायला हात केला आणि ढोल ऐकून खाली घेतला.

मी जे पाहिलं ते झालंच नव्हतं. होणार होतं ते मी पाहिलं आणि माझी जीभ त्याच्या पुढे धावली.

यशवंता माचाकडे पाहत होता. ती नजर मी ओळखली. अकरा वर्षांपूर्वी किल्ल्याखाली माझी होती ती.

मोरोपंत उभे राहिले. “संताजी, दुसरा पुकारा.”

“पाठ लागलेली नाही!” भास्करराव ओरडले. “पुढच्या सगळ्यांनी पाहिलंय.”

“पुकारा झालाय,” मोरोपंत म्हणाले. “तो फिरत नाही. हे तुमच्याही पातीनं मान्य केलंय.”

भास्कररावांच्या मागे लाठ्या वर होऊ लागल्या होत्या. ते बघून समोरच्या बाजूलाही झाल्या. ढोलवाला टिपरी उचलून माझ्या तोंडाकडे बघत होता.

दुसरा पुकारा करायचा, म्हणजे त्या पोराला जिवंत गाडायचं. न करायचा, म्हणजे शब्द फिरवायचा. मग रात्रीपर्यंत पाच-पन्नास डोकी फुटणार, आणि धारच्या पुकाऱ्यानं शब्द गिळला हे गाणं भिल्लांच्या पाड्यांपर्यंत जाणार. दोन्ही बाजूंनी दार बंद. सात वर्षं मी त्या माचावर उभा राहून जगाला कोण पडलं ते सांगत होतो आणि आता मलाच ते सांगता येईना.

आणि खरं सांगू? त्या क्षणी मला यशवंताची आठवण शेवटी झाली. आधी झाली तात्यांची. माझे हात कोणी ओले केले नव्हते. मला कोणाकडून सुपारीचं खांड मिळालं नव्हतं. तरी मी पुकारलं होतं. म्हणजे तात्यांनीही असंच पुकारलं होतं. त्यांनी कलाजंग पाहिला, त्यांना माझी पाठ लागलेली दिसली, आणि जिभेला घाई झाली. एवढंच. म्हातारा खरं बोलत होता आणि मी अकरा वर्षं त्याच्या ओट्यावरून मान वळवून गेलो.

“संताजी!” मोरोपंतांचा आवाज चढला. “दुसरा पुकारा!”

पुकारा झाला म्हणजे कोणाची तरी पाठ लागलीच. नियम एवढाच होता. कोणाची, ते तर दुसऱ्या पुकाऱ्यात सांगायचं असतं.

मी माचावरून उतरलो. गुडघ्यामुळे मला पायऱ्या उलट्या, शिडीसारख्या उतराव्या लागतात. लोकांना वाटलं मी पळतोय, कोणीतरी खडा मारला, तो खांद्याला लागला. मी आखाड्यात गेलो. माती कपाळाला लावली. सात वर्षांनी लावली. गणोजी आणि यशवंता बाजूला सरकले. मग त्या दोघांच्या मधे मी उताणा झालो आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले, नीट, चेपून. आयुष्यभर तात्यांनी जे करू नको म्हणून शिकवलं होतं, ते सगळं केलं.

तसाच पडून मी दुसरा पुकारा केला. “चीत, संताजी धारवाला! मारली कोणी? त्याच्याच जिभेनं!”

मग अगदी मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, त्याला बिचाऱ्याला काहीच दिसत नव्हतं आणि सांगणारा मातीत पडला होता. “कंई हुयो रे? कुण पड्यो?”

“पुकारावाळो पड्यो!” कोणीतरी ओरडून सांगितलं.

पहिल्यांदा धाकटी बाजू हसली, मग थोरली. हसता हसता लाठी उगारता येत नाही. दोन्ही कारभारी माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले आणि वाकून पाहू लागले. मला त्यांच्या दाढ्याच तेवढ्या दिसत होत्या.

“पाठ लागली आहे खरी,” मोरोपंत नाइलाजानं म्हणाले.

“दोन्ही खांदे,” भास्करराव म्हणाले.

पुकारा फिरला नव्हता. त्यांना कुस्ती पुन्हा लावावी लागली.

आता इथे तुम्हाला वाटत असेल की यशवंतानं ती मारली. नाही मारली. गणोजी त्याच्यापेक्षा सरस होता, तो सरसच होता. माचावर कोणी नव्हतं. मैदान डोळ्यांनी बघत होतं, आणि मागचे लोक पुढच्यांना विचारत होते. थोड्या वेळानं गणोजीनं त्याला पुन्हा ढाकेवर घेतलं, या खेपेला वरून छाती दाबली, आणि यशवंताची पाठ साफ लागली. पुकारायला कोणी नाही, ढोल गप्प. तेव्हा खालून यशवंताच ओरडला, “लागली! माझी लागली!” आणि गणोजीनं त्याला हात देऊन उठवलं. दोन्ही बाजूंनी त्याला टाळ्या मिळाल्या. तो माझ्याकडे आला, सगळा मातीनं माखलेला. “भिया, आता लागली,” म्हणाला आणि हसला. हरलेला माणूस तसा हसताना मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या वर्षासाठी धाकट्या पातीनं त्याला ठेवून घेतलं.

मला मात्र पुन्हा माचावर चढू द्यायचं नाही यावर दोन्ही कारभाऱ्यांचं एकमत झालं. दोन पात्यांचं एकमत व्हायला माझी पाठ लागावी लागली, एवढा मान माझ्या पदरात पडला. मी छकड्यातून धारला पोहोचायच्या आत स्वार कागद घेऊन पोहोचला होता. पुकाऱ्याचं काम काढलं, कार्तिकी पुनवेपर्यंत खोली रिकामी करावी.

मला वाटलं सीता कपाळाला हात लावेल. तिनं कागद चुलीशेजारच्या फडताळावर ठेवला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुमच्या घशासाठी ज्येष्ठमध उगाळून उगाळून माझी बोटं झिजली होती. पण अहो, मला खरं सांगा, पुकारताना तुम्हाला ती पाठ लागलेली दिसली होती ना?”

“दिसली होती.”

“मग इथे काय बसलात? जा की तिकडे.”

मी गेलो. सकाळची वेळ होती. तात्या ओट्यावर बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. मी समोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

“कोणता डाव होता?” त्यांनी विचारलं. आवाज नव्हताच, नुसती हवा. बातमी त्यांच्यापर्यंत आली होती.

“ढाक.”

“ढाकेत होते घाई,” ते म्हणाले. “कलाजंगात जास्त होते.”

“तात्या, मी तुम्हाला जे बोललो ते चुकलं. फार चुकलं. मी अकरा वर्षं...” पाच हजारांना ऐकू जाणारा माझा आवाज त्या ओट्यापर्यंत पोहोचेना.

तात्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग म्हणाले, “मला माचावरून उतरायचं सुचलं नाही रे, संता. तुझ्याकडे बघत होतो मी. तू उभा होतास, मला दिसत होतं तू उभा आहेस, आणि मी दुसरा पुकारा केला. तिसरा केला. नंतर घरी आलो, जेवलो, पण तिथून काही उतरलो नाही. अजून तिथेच आहे.”

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. तालमीत ते त्या दिवसापासून गेले नव्हते. ओट्यापासून तालीम चाळीस पावलं.

मी हात पुढे केला. “चला, उतरा,” म्हणालो.

ओट्याला तीन पायऱ्या. त्यांचं वय झालेलं आणि माझा गुडघा असा, त्यामुळे आम्हाला बराच वेळ लागला. कोणी कोणाला धरलं होतं ते सांगता येणार नाही. तालमीत पोरं जोर काढत होती, ती थांबली. तात्या आखाड्याच्या काठावर बसले, चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली, आणि उरलेली बोटांत चोळून पाहिली.

“मातीत ताक कमी पडलंय,” ते म्हणाले. “कोण बघतं रे ही माती?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “उद्यापासून आपण बघू.”